छत्तीस टक्क्यांवर अडलेली गायन पार्टी

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, हा समज आमच्या नातेवाइकांत मीच पसरवला आहे. वसमतला शाळेत मी गणित शिकवते, आणि गणिताच्या बाईला कॉम्प्युटर आलाच पाहिजे असं लोक धरून चालतात. मीही कधी नाही म्हटलं नाही. त्याची फळं भोगली.

हट्ट्याच्या माझ्या मामांची भीमगीतांची गायन पार्टी होती. अकरा माणसं, प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं. जयंतीला टेपवर भरलेली ती अकरा गाणी मी कॉम्प्युटरवर घेतली. घेता घेता जुन्या टेपरेकॉर्डरने कॅसेट चावून टाकली, म्हणजे आता जे काही उरलं ते माझ्याकडेच. पार्टीतल्यांची मुलं पुणे, नागपूर, सुरत अशी पांगलेली. त्यांनाही मिळावीत म्हणून मी गाण्यांचं टॉरेंट केलं. त्यात एकाच्या कॉम्प्युटरवरची फाइल तुकड्यातुकड्याने थेट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, गाणी उतरवून घेतली, ऐकली, आणि जागा पुरेना म्हणून पुसून टाकली. ही शेवटची गोष्ट मला कुणी सांगितली नाही.

मागच्या वर्षी मामी गेल्या. त्याही पार्टीतल्याच, आणि खरं सांगायचं तर पार्टीत आवाज होता तो त्यांचाच. त्यांच्या पुण्यानुमोदनानंतर मामा माझ्याकडे आले, पडद्यावरची गाणाऱ्यांच्या नावांची यादी वाचली आणि त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"हे काय लावलं गं? गेलेले अन् हयात एकाच पंगतीत?"

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लावल्याशिवाय पत्रिका छापायला जात नाही, आणि गावातली प्रत्येक पत्रिका मामांच्या नजरेखालून जाते. मी टॉरेंटच्या सॉफ्टवेअरमध्येच 'कालकथित' नावाचा वेगळा फोल्डर केला आणि गेलेल्या सातही जणांची गाणी, मामींच्या गाण्यासकट, त्यात हलवली. बाहेर चार हयात राहिले. मामांचं समाधान झालं. मी विसरून गेले.

यंदा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, म्हणून मी जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. गाणी ज्या भागात होती त्याला हात लावला नव्हता, निदान माझी तशी खात्री होती. त्याच सकाळी मामा बसने आले. दुसऱ्या दिवशी मामींना जाऊन वर्ष होत होतं. विहारात त्यांचं गाणं लावायचं होतं, आणि त्यासाठी मामांनी रुमालात बांधून पेन ड्राइव्ह आणला होता.

"दोन मिनिटांत देते," मी म्हणाले.

टॉरेंटचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, टॉरेंटची जुनी फाइल त्याला दाखवली आणि गाणी कुठे आहेत तेही सांगितलं. पण त्याचा विश्वास बसेना. नवा हेडमास्तर जुन्याच्या दप्तरावर विश्वास न ठेवता सगळी बाकं पुन्हा मोजायला लावतो, तसं त्याने सगळं मुळापासून तपासायला घेतलं. दहा टक्के, वीस टक्के, छत्तीस टक्के. तिथे ते थांबलं. मामींच्या गाण्यापुढे शून्य.

मी पुन्हा तपासायला लावलं. छत्तीस. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. छत्तीस. मी त्या सॉफ्टवेअरला जे काही बोलले ते वर्गात बोलले असते तर पालकसभा भरली असती. मामा शांतपणे चहा पीत होते.

उरलेलं दुसऱ्यांकडून मागून घ्यावं, तर दुसरं कुणीच दिसेना. पुण्याला फोन लावला. "ताई, ते कवाच पुसलं की!" सुरतेचंही तेच. सिस्टीम बदलताना माझ्याच हाताने मामींचं गाणं पुसलं, याबद्दल मला शंका उरली नाही. फोल्डर उघडून आपल्या डोळ्यांनी पाहावं, एवढी साधी अक्कल सुचली नाही. पडद्यावर आकडा आला की मला तो खराच वाटतो.

"मामा," मी म्हणाले, "मामीचं गाणं गेलं. माझ्याच हातून गेलं."

मामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझं हाय का?"

"आहे."

"मग तिचं काहून न्हाई?" असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक नाव वाचायला लागले. हा हाय. ही न्हाई. पेटीवाला न्हाई. कोरसमधला धाकटा हाय. यादी संपल्यावर माझ्याकडे वळले.

"बाई, मशीन तर बराबर सांगून राहिलं. जिते हाईत तेवढेच दाखवलेत त्यानं."

अशा वेळी चेष्टा सुचते तरी कशी, म्हणून मी भडकणारच होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चार हयात, सात कालकथित!

गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्याची नोंद फक्त जुन्या सॉफ्टवेअरकडे होती आणि ती मी सिस्टीमबरोबर पुसली होती. टॉरेंटच्या मूळ फाइलला ठाऊक होती ती पहिली मांडणी, सगळे एकत्र होते तेव्हाची. नवं सॉफ्टवेअर बिचारं तिथेच शोधत होतं. मी 'कालकथित' उघडलं. सातही जण आत होते. गणिताच्या बाईला हे मामांनी दाखवून द्यावं याची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही आनंद झाला.

सातही गाणी बाहेर काढून चारांच्या शेजारी ठेवली. पुन्हा तपासणी. छत्तीस ओलांडल्यावर मामा आकडे मोठ्याने म्हणायला लागले. शंभरला त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

मी मामींचं गाणं लावलं. आधी खरखर, मग गाण्याच्याही आधी मामींचा आवाज आला, "ओ, जरा मागं सरका की! तुमच्या ढोलकीनं माझा आवाज दबून राहिला."

मामा खुर्चीसकट मागे सरकले.

गाणं संपेपर्यंत ते तिथेच, भिंतीला टेकून बसले. मी दुसरीकडे पाहत राहिले. मग पेन ड्राइव्हवर गाणं घालून दिलं आणि विचारलं, "मामा, आता या सातांना परत त्यांच्या फोल्डरमध्ये ठेवू का?"

मामांनी पेन ड्राइव्ह रुमालात बांधला, गाठ ओढून पाहिली.

"नको. राहू दे तिथंच," ते म्हणाले. "वरीसभर उगंच येगळं बसवलं तिला."