पगारेंच्या सुनेची सहाची बॅच

नाशिक रोडच्या जेल रोडला अंजली पगारेला ओळखणारे लोक दोन प्रकारचे. काही तिला सायकलवाल्या मॅडम म्हणतात आणि बाकीचे कारभारी पगारेंची सून. सायकलवाल्या मॅडम कानाला माइक लावून ओरडतात, टाळ्या वाजवतात, दमलेल्या माणसाला आणखी दमवतात. पगारेंची सून पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे ठेवते आणि आवाज न करता आत जाते. या दोघी बरीच वर्षं एकाच अंगात गुण्यागोविंदाने राहिल्या, कारण त्यांची वेळ कधी एक आली नव्हती. ती आली सकाळी सहाच्या बॅचमध्ये, आणि आणली खुद्द कारभारींनीच.

आधी त्या सायकलीचं सांगायला हवं. ती रस्त्यावर चालत नाही. चिवड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका बंद खोलीत अशा सायकली रांगेने मांडून ठेवल्यात. प्रत्येकीला एकच जड लोखंडी चाक आणि हँडलखाली एक नॉब. नॉब उजवीकडे पिळला की पाय जड होतात, म्हणजे चढ लागला. डावीकडे पिळला की उतार. माणूस पाऊण तास चढ-उतार करतो, घामाघूम होतो आणि जिथे बसला होता तिथेच उतरतो. यासाठी शहाणीसुरती माणसं फी भरतात, हे अंजलीच्या सासूबाईंना, भिमाबाईंना, अजूनही पचलेलं नाही.

अंजलीही मुळात फी भरणाऱ्यांतलीच. मुलगी शाळेत जायला लागली, सकाळ मोकळी झाली, म्हणून ती पहिल्या रांगेत येऊन बसायला लागली. एक दिवस शिकवणारा मुलगा पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला आणि जिमचा मालक हर्षल तिला म्हणाला, “ताई, तुम्हाला सगळं पाठ आहे. आजच्या दिवस घ्या.” तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

पहिल्या दिवशी तिने गाणी तपासली, दिवे तपासले, माइक तर चारदा तपासला. सीटच्या खिळी तेवढ्या तपासल्या नाहीत. ऐन जलद गाण्यात उज्वला मॅडमचं सीट सुटलं. उज्वला मॅडम शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या तक्रार न करता खाली खाली गेल्या आणि गाणं संपेपर्यंत हनुवटी हँडलला टेकवून पाय मारत राहिल्या. शिस्त ती शिस्त. त्या दिवसापासून अंजली वर्गाआधी प्रत्येक सीट स्वतः हलवून बघते. गाण्यांचंही तसंच झालं. सुरुवातीला ती परदेशी गाणी लावायची, त्यांतला एक शब्द कुणाला कळायचा नाही. एका एप्रिलमध्ये कॉलनीत सगळीकडे जयंतीची तयारी चाललेली असताना तिने भीमगीतं लावली, आणि ज्यांना महिनाभर ओरडून सांगितलं तरी पाय उचलत नव्हते ते आपोआप ठेक्यात आले. तेव्हापासून बॅच भरायला लागली.

मग पुण्याला जाऊन तिने रीतसर कोर्सही केला. तिथले प्रशिक्षक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, “हा तुमचा व्यायाम नाही. सायकलवरून खाली उतरा. माणसांमध्ये फिरा. एकेकाकडे बघा.” अंजलीने सगळ्यांत जास्त वेळा मान डोलावली. नाशिक रोडला परत आली आणि सायकलवर चढून बसली ती बसलीच. त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. पुढच्या सायकलवर बसलेली बाई मॅडम असते. तीच खाली उतरून वर्गात फिरायला लागली की समोर अर्धी कॉलनी बसलेली असते, आणि ती लगेच कुणाची तरी सून होते.

आणि एके सकाळी त्या कॉलनीत नानाही येऊन बसले.

नाना म्हणजे कारभारी पगारे, तिचे सासरे. नोकरी नोटा छापायच्या प्रेसमध्ये झाली. तिथे काय चालतं ते घरी बोलायचं नाही हा नियम त्यांनी इतका मनावर घेतला, की घरी काय चालतं तेही बोलायचं त्यांनी सोडून दिलं. दिवाळीत छातीत कळ आली तेव्हाही ते कुणाला बोलले नाहीत. भिमाबाईंना त्यांचा भिजलेला सदरा दिसला म्हणून दवाखाना गाठला गेला. स्टेंट बसला. नंतर डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला आणि सून सायकल शिकवते हे कळल्यावर म्हणाले, “उत्तम. फक्त बोलता बोलता चालवता येईल एवढीच चालवायची. बोलताना धाप लागली की कमी करायचं.” डॉक्टर हुशार होते, पण नाना मुळात बोलतच नाहीत हे त्यांना कोण सांगणार.

अंजली तर नक्कीच नाही. पगारेंच्या घरी सुनेने सासऱ्याला “हे करा” म्हणायची पद्धत नव्हती. कुणी बंदी घातली होती असं नाही, पण तोंडून निघायचंच नाही. जेवण झालं की ती दाराकडे बघून म्हणायची, “वाढलंय.” गोळीची वेळ झाली की फ्रिजला सांगायची, “गोळी राहिली वाटतं.” नाना फ्रिजच्या वतीने ते ऐकायचे आणि गोळी घ्यायचे. घर सुरळीत चाललं होतं.

वर्गात फ्रिज नव्हता. नानांनी शेवटच्या रांगेतली सायकल धरली आणि त्यांच्या शेजारी गोटीराम. हे नानांच्याच खात्यातून रिटायर झालेले, आणि नाना जन्मात जेवढं बोलले नाहीत तेवढं गोटीराम एका गाण्यात बोलायचे. “काय कारभारी, लय जड जातंय का?” एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, नाना तोंड मिटून नॉब उजवीकडे पिळायचे. गोटीरामही पिळायचे. पुढून अंजलीला नानांचे लाल झालेले कान दिसायचे. या माणसाला काही झालं तर, माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर. या भीतीने तिला रात्री झोप लागेना.

ती माइकवर म्हणायची, “मागच्या रांगेनं जरा कमी करायचं.” मागची सगळी रांग कमी करायची, नाना सोडून. मग म्हणाली, “ज्यांची तब्येत नुकतीच बरी झालीय त्यांनी सांभाळून.” हे ऐकून एकाला गेल्या वर्षीचा डेंग्यू आठवला, एकीला पावसाळ्यातला सर्दी-ताप आठवला, आणि सगळ्यांचे नॉब भराभरा डावीकडे वळले. नानांना काहीच आठवलं नाही. शेवटी तिने गाणीच संथ केली. चढ काढून टाकले. बॅच रोज उठून नुसती उतारावरून घरंगळायला लागली.

हर्षलने एक दिवस तिला बाजूला घेतलं. “ताई, सहाच्या बॅचला एसी बंद करावा लागतो. लोकांना थंडी वाजते. संध्याकाळचे लोक हिला आराम बॅच म्हणतात. नाहीतर मी वेदिकाला विचारतो, ती गंगापूर रोडला शिकवते.”

घरी तिने नवऱ्याला, प्रफुल्लला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “इन्स्ट्रक्टर तू आहेस की मी?” आणि कंपनीची बस पकडायला पळाला. तिने सासूबाईंना गळ घातली. भिमाबाई जेवताना म्हणाल्या, “अहो, सायकल हळू चालवा म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

भिमाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि ऐनवेळी कच खाल्ली. “डॉक्टर.”

“डॉक्टरला काय कळतं सायकलीतलं,” नाना म्हणाले. “मी प्रेसला सायकलनं जात होतो.” त्यांच्या दृष्टीने हे भाषण झालं, आणि विषय मिटला.

पुढच्या सोमवारी अंजलीने मन घट्ट करून खरा चढ दिला. बॅच हातची जायची म्हटल्यावर करते काय. लोक खुशीत आले, खोलीत पुन्हा घामाचा वास आला. “उभं राहून,” ती म्हणाली, आणि सगळे सीट सोडून उभे राहिले. मागे गोटीराम काहीतरी बोलले. नानांनी नॉब पिळला, पुन्हा पिळला, आणि तेही उभे राहिले. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. चेहरा लाल नव्हता, राखेसारखा झाला होता.

“मागच्या रांगेनं...” अंजलीने सुरुवात केली आणि तिचं तिलाच ऐकवेना.

ती सायकलवरून उतरली. रांगांमधून सरळ मागे गेली, नानांच्या हाताखाली हात घालून नॉब ब्रेकसारखा खाली दाबला आणि चाक थांबवलं. “नाना, बास. खाली उतरा.”

माइक कानालाच होता. तिचा आवाज खोलीच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आला, आणि तो असा होता की नानांच्या आधी गोटीराम खाली उतरले. पाठोपाठ अख्खी बॅच उतरली. उज्वला मॅडम तर हात मागे बांधून उभ्या राहिल्या. सगळ्यांत शेवटी नाना उतरले. अंजलीने त्यांचं मनगट धरलं. “बोला काहीतरी.”

“काय... बोलू.” एवढ्याला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

“भिंतीला टेकून बसा. उठायचं नाही.”

नाना बसले. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. थोड्या वेळाने रंग परत आला तेव्हा उठले, चपला घातल्या आणि एकटेच घरी गेले.

त्या दिवशी पगारेंच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. अंजलीला स्वतःची लाज वाटत होती आणि नानांचा रागही येत होता, आणि दोन्हींचं काय करावं ते सुचत नव्हतं. दुपारी भिमाबाई म्हणाल्या, “चारचौघांत थांबा म्हणालीस म्हणे.”

“हो आई.”

भिमाबाई मेथी निवडत होत्या. “मला एवढ्या वर्षांत जमलं नाही गं,” म्हणाल्या. “मी नुसते त्यांचे कपडे बघते. ओले हेत का कोरडे.”

मंगळवारी नाना वर्गाला आले नाहीत. बुधवारीही नाहीत. त्यांच्या सायकलवर कुणी बसलं नाही. गोटीराम गप्प बसून नुसते पाय मारत होते, आणि त्यांना गप्प बसलेलं बघणं बॅचला चढापेक्षा जड गेलं. अंजली मात्र आता खाली उतरून फिरायला लागली होती. एकदा उतरल्यावर पुन्हा वर चढून बसण्यात काही अर्थ नव्हता. ती एकेकाच्या खांद्याला हात लावायची, कुणाचा गुडघा बाहेर जातोय ते बघायची, एकाला वाढवा म्हणायची आणि शेजारच्याला कमी करा. हर्षलने एसी पुन्हा सुरू केला होता. बॅच वाचली होती. तिला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

गुरुवारी दुसरं गाणं चालू असताना दार उघडलं. नाना आत आले. पायजमा-सदऱ्यातच, व्यायामाचे कपडे नाहीत. गोटीरामांनी हात केला तरी तिकडे न बघता ते रांगांमधून चालत थेट अंजलीजवळ आले. तिने माइक तोंडापासून बाजूला केला.

“पहाटेपासून जड वाटतंय,” ते म्हणाले. “हिथं. हातातपण उतरलंय जरा.”

“आईंना सांगितलं?”

“नाय. तुला सांगायला आलो.”

“अहो मग घरून फोन करायचा. चालत कशाला आलात, जिना चढून?”

“फोनवर कसं सांगायचं असलं,” नाना म्हणाले. त्यांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला होता.

अंजलीने कानाचा माइक काढला आणि गोटीरामांच्या हातात दिला. “काका, गाणं संपेपर्यंत बोलत राहा.” हे काम गोटीरामांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून सांगितलं होतं, पण माइक हातात धरून ते नानांकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. अंजली तोवर नानांना धरून जिना उतरत होती. एकेक पायरी, थांबा म्हटलं की थांबत, चला म्हटलं की चालत. नानांनी तिच्या खांद्यावर पूर्ण भार टाकला होता.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, सुई दिली, रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले की तासाभराचाच फरक होता, वेळेत आणलंत, आता काळजीचं कारण नाही. अंजलीने बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं, चेहरा धुतला आणि पुन्हा आत गेली. नाना पलंगावर जागे होते.

“मी आईंना फोन करते,” ती म्हणाली. “घाबरतील, पण सांगायला हवं.”

नानांनी मान हलवली. तिला वाटलं, नको म्हणतायत, आणि ती ठामपणे म्हणाली, “नाही नाना, लपवायचं नाही. मी सांगणार.”

“लपव कोण म्हणतंय,” नाना म्हणाले. त्यांनी सुई नसलेला हात पुढे केला. “लावून दे. मीच सांगतो तिला.”