चावत नाही हो, प्रेमळ आहे!

माझे किस्से मोजायचे तर माझे हातपाय बघावे लागतात. मनगटावर एक, पोटरीवर दोन, अंगठ्याजवळ एक. मी मुलुंडला राहते आणि पेट सिटर आहे, म्हणजे मालक गावाला गेले की त्यांची कुत्री सांभाळते. सात वर्षं झाली. कोणी "हे कशाचं गं?" म्हणून एका खुणेकडे बोट दाखवलं की एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा. आणि सांगताना मला धड बसवत नाही. पाय आपोआप खुर्चीवर जातात!

*

सुरुवातीला मी मालकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचे. "चावत नाही हो, प्रेमळ आहे!" पोटरीवरच्या दोन्ही खुणा त्याच प्रेमाच्या. मग शहाणी झाले, फॉर्म छापून घेतला. त्यात प्रश्न टाकला: कुत्रा आजवर कोणाला चावला आहे का?

घाटकोपरचे एक गृहस्थ पेन घेऊन बराच वेळ बसले. बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग मला हळूच विचारलं,

"घरच्यांना पण धरायचं का?"

*

बोरीवलीच्या कुकीने मोजा पळवला. पामेरियन, एवढीशी! मी मोजा ओढायला गेले आणि तिने अंगठाच धरला. चूक माझीच. तोंडातली वस्तू ओढायची नसते, बदल्यात खाऊ दाखवायचा असतो. रक्त थांबेना. नळाखाली अंगठा धरून मी मालकिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं बाई!" ती किंचाळली. मला बरं वाटलं, कोणाला तरी काळजी आहे.

"मोजा गिळला नाही ना तिने?"

*

त्याच अंगठ्याची पुढची गोष्ट. आईला फोनवर सांगून बसले होते. घरी आले तर ती तिखटाची वाटी घेऊन दारात उभी!

"त्या कुत्र्यांच्या नादाक कित्याक लागलंस गो? दी तो हात इकडे."

"आई, जखमेवर तिखट लावायचं नसतं! साबणाने पंधरा मिनिटं धुतलंय, आता इंजेक्शन घ्यायला निघालेय."

"तुझ्या पप्पांका असाच तिखट लावलेला. बरे झाले ना?"

"पप्पांना कुत्रा चावला होता?"

"नाय. सायकलवरसून पडलेले."

*

हसू नका, पुढचा किस्सा लिफ्टचा. अंधेरीची चौदा मजली बिल्डिंग, ब्रुनो नावाचा लॅब्राडोर. मी लिफ्टमध्ये शिरले, तो बाहेर काहीतरी हुंगत थांबला आणि दार बंद झालं. पट्ट्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या गळ्यात. लिफ्ट वर गेली असती तर काय झालं असतं, सांगायला नको.

दार उघडायचं बटण मी दाबत सुटले. एक हिसका बसला आणि दार उघडलं. समोर ब्रुनो, शेपूट हलवतोय! मी खाली बसून त्याच्या गळ्यात पडले. मागे लिफ्टची वाट बघत एक आजी उभ्या होत्या.

"झालं असेल तर जिन्याने ने त्याला," त्या म्हणाल्या. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय."

तेव्हापासून कुत्रा आधी आत, मी नंतर.

*

मनगटावरची खूण पवईची. टायगर, जर्मन शेफर्ड. घरात नाईक काका. पॅरालिसिस झाल्यापासून खुर्चीत, आठ महिने तोंडातून एक शब्द नाही. त्यांना बघायला मावशी होत्या. मुलगी कामासाठी तीन दिवस बंगळुरूला गेली, म्हणून टायगरसाठी मी.

दुसऱ्या दुपारी काकांच्या मांडीवरची चादर घसरली. मी मागून वाकून ती उचलायला गेले. टायगरला काय वाटलं असेल ते वाटलं, त्याने मनगट धरलं. मी हात ओढला नाही, ओढला की मांस फाटतं. ओरडले नाही. नुसती उभी राहिले. तो सोडेना.

"टायगर. सोड."

टायगरने सोडलं. मावशी स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आल्या आणि दारातच थबकल्या. आवाज काकांचा होता!

"काका, परत बोला ना!" मी म्हटलं. हातातून रक्त ठिबकत होतं. काका खिडकीबाहेर बघत होते.

इंजेक्शन घेऊन मी मुलीला फोन केला. तिने आधी माझ्या हाताची चौकशी केली. मग म्हणाली,

"आवाज कसा होता बाबांचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने ती आली. मी चावी द्यायला थांबले होते. बॅग दारातच टाकून ती काकांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली. टायगरला जवळ बोलावलं. बाही वर केली आणि स्वतःचा हात त्याच्या तोंडात दिला.

बघत मात्र बाबांकडे होती.

टायगर तिचा हात चाटत राहिला.