खबर देणारी बाई

कल्पना करा, साडी मांडीवर पसरली आहे, बोटाला गोंद आहे आणि तुम्ही ओळीने खडे चिकटवत आहात. समोर कोणीतरी तुमचीच गोष्ट वाचतंय. खडा तिरपा जाता कामा नये आणि चेहराही हलता कामा नये.

कापडगिरण्यांच्या शहरात, लिंबायत वस्तीतल्या एका खोलीत धुरपदाबाई आठवडाभर हेच करत होत्या. त्यांची सून सुवर्णा दुपारी कादंबरी वाचून दाखवी. लढाईच्या काळातली एक बाई, शत्रूच्या घरात सून म्हणून शिरलेली, तिथल्या खबरा बाहेर पोचवणारी.

"ज्या घरनं अन्न खास, त्याच घरनं वाटोयं करस!" शोभाबाई कडाडल्या. नात्याने त्या धुरपदाबाईंच्या जाऊबाई. खडे लावायला रोज इथेच येत.

"काकू, ती देशासाठी करते," सुवर्णा म्हणाली.

"आमच्या धाकल्या आनंदानं कोणत्या देशासाठी केलं व?"

धुरपदाबाईंचा खडा निसटला.

आठ वर्षांपूर्वी शोभाबाईंकडे कानबाईचे रोट, म्हणजे कुळाच्या देवीच्या प्रसादाचं जेवण होतं. रोट भाऊबंदांतच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. म्हणून पुरुषांनी तिथेच ठरवलं, सोमवारी संप, कारखान्यातले माग बंद ठेवायचे. सोमवारी कारखान्याच्या दारात आधीच मालकाची काठ्या घेतलेली माणसं उभी होती. शोभाबाईंच्या नवऱ्याचा हात कायमचा गेला. परका कोणी नव्हताच, म्हणजे फितूर घरातलाच. मुकादमाबरोबर चहा पिणारा म्हणून संशय धाकट्या दिरावर, आनंदावर आला. पुढच्या वर्षी त्याला रोटाला बोलावलं नाही. जिवंतपणीच भाऊबंदांतून उठवलेला तो माणूस शहराबाहेर हजीऱ्याकडे एकटा राहिला आणि दारूत संपला.

मुकादमाला सोमवारचं सांगितलं होतं धुरपदाबाईंनी. नवरा आजारी होता, "त्याची कामावरची जागा राखतो" एवढ्या मुकादमाच्या शब्दावर. आनंदाच्या तिरडीपाशीही त्यांचं तोंड उघडलं नाही.

सुवर्णाने शेवटचं पान वाचलं. लढाई संपली, बाई मायदेशी परतली, तिला हार घातले.

"मेलीले हार!" शोभाबाई म्हणाल्या. "माझ्या हाती लागती ना..."

"जाऊबाई," धुरपदाबाईंनी साडी बाजूला सारली. शोभाबाईंनी वर पाहिलं. धुरपदाबाईंचे ओठ हलले, पण वळल्या त्या सुनेकडे.

"सुवर्णा, तिकडं राहिलेल्या सासूले कळलं का गं, कोणी केलं ते?"

"तसं काही लिहिलेलं नाही, आत्या."

"नीट पाहा ना. तिनं सोताच जाऊन सांगितलं असतं, तर ती सासू काय म्हणाली असती?"