काहूनबाई

आमच्या नंदनवन वस्तीत माझ्या बायकोला सगळे काहूनबाई म्हणत. रंजना हे नाव रेशनकार्डावरच राहिलं. डॉक्टरने गोळी दिली तरी विचारणार, काहून? म्हणजे, का? समजल्याशिवाय मान हलवणं तिच्यात नव्हतंच.

धाकटी सोनल फार्मसीला लागली. अर्धी फी सरकारी स्कॉलरशिपची, अर्धी बँकेच्या कर्जाची. सदर भागातल्या बँकेत साहेबाने सही मागितली, तर हिने पेन खाली ठेवला. मी कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा, मला लाज वाटली. साहेब सांगून सांगून थकला: हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षाने, व्याज मात्र आजपासून. तेव्हा सही केली. मग भाजी विकून दर महिन्याला व्याज भरू लागली. मी म्हटलं, आता कोण मागते? तर म्हणे, "व्याज वाढून राहिलं, अन् आपण पाहत राहाचं काय गा?"

शेवटच्या वर्षी फसलो. उद्या पेपर आणि कॉलेज हॉलतिकीट देईना. म्हणे, फी बाकी. ऑफिसातला बाबू म्हणाला, स्कॉलरशिप तर सरकारने कधीच पाठवली. सोनलचं खातं रिकामं. पोरगी रडत होती. रंजना बाकावर बसली, कोणाला काही विचारेना. मला त्याचीच भीती वाटली.

शेवटी बाबूच बोलला, आधार जिथे शेवटी जोडलं, पैसा तिथेच जातो. रंजनाचा चेहरा उतरला. बचतगटाच्या बँकेत पोरीला नवीन खातं तिनेच काढून दिलं होतं, आधार देऊन. ऑटो केला. पैसे तिथेच पडलेले. काढून परत आलो तेव्हा शिपाई वरच्या मजल्यावरची फीची खिडकी लावायला निघालेला. रंजनाला दम लागायचा, डॉक्टरने जिने बंद केले होते. मी म्हटलं, तू खाली बस, पोरगी जाईल. ती कठड्याला धरून चढतच होती.

"चूक माही हाय, पायऱ्या बी माह्याच."

हॉलतिकीट मिळालं. निकालापर्यंत मात्र ती राहिली नाही.

सोनल नोकरीला लागली, आता हप्ते तिच्या पगारातून जातात. कर्जाला नंबर रंजनाचा, म्हणून हप्त्याचा मेसेज तिच्याच मोबाइलवर येतो. पहिला आला तो सोनलने वाचून दाखवला. सुरुवातीलाच होतं, डिअर रंजना. मी जन्मभर तिला असं काही म्हटलं नाही. सोनल म्हणाली, बाबा, बँकेत नंबर बदलून टाकू.

मी म्हटलं, राहू दे.