सरकून घ्या

काकूंच्या खानावळीत जागा संपली, असे कधी ऐकले नाही. पंगत भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेली असताना दारात आणखी कुणी उभे राहिले, तर काकू तव्यावरची नजर न काढता, चपलांच्या आवाजावरूनच म्हणत, "सरकून घ्या जरा." आम्ही मांड्या आवरायचो, ताटे फरशीवर खरखरायची, आणि जागा व्हायची.

काकू मूळच्या उदगीरच्या. नांदेडला आम्हा विद्यार्थ्यांना जेवू घालण्यात त्यांचे केस पिकले. त्यांच्या भाकरीची थाप मला पाठ झाली होती. दोन जड, एक हलकी, मग क्षणभर शांतता.

इद्रीस सुदानहून शिकायला आलेला. पहिल्या दिवशी भाजत्या ज्वारीच्या वासाने तो उंबऱ्यातच थबकला. त्याची आईसुद्धा ज्वारीचीच भाकर करते, फक्त कागदासारखी पातळ, असे त्याने मोडक्या हिंदीत सांगितले. काकू हसल्या. "आता बोला. जवारी खानारा मानूस परका कसा म्हनावा?" त्या दिवसापासून तो पाव्हणा झाला आणि माझ्या शेजारी बसू लागला.

मग त्याच्या देशात युद्ध पेटले. घरचा फोन लागेनासा झाला. इकडे शिक्षण संपले, राहण्याची मुदतही संपत आली. काकू इस्त्रीचे लुगडे नेसून मुदतवाढीसाठी त्याच्यासोबत कचेरीच्या खेपा घालू लागल्या.

त्याच महिन्यात महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, युद्धातून पळून आलेल्यांना देशाने आश्रय द्यावा का. माझ्या वाट्याला 'प्रतिकूल' अशी चिठ्ठी आली. मी शब्द घासूनपुसून लखलखीत केले. प्रत्येक घराला भिंती असतात, मी म्हणाले. करुणेलाही क्षमता असते, म्हणाले. पहिले बक्षीस मिळाले. कचेरीतून थेट आलेले काकू आणि इद्रीस शेवटच्या रांगेत होते. सर्वांत जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या. मराठी त्याला तोवर चांगली कळू लागली होती.

परतताना काकू म्हणाल्या, "लई गोड बोललीस बाई. पन खरंच वाटतंय का तुला तसं?"

"चिठ्ठी निघेल तसं बोलावं लागतं, काकू."

"हाव. कचेरीतले सायेबबी सकाळी तेच म्हनले. नियम हाय तसं करावं लागतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मुदतवाढ मिळाली नाही. इद्रीस गेला, तेव्हा काकूंनी दहा भाकरी धुतल्या फडक्यात बांधून दिल्या. "कुठं जानार रे पाव्हन्या?" त्याने हसून मान हलवली. त्यालाही ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. माझ्या शेजारी एका पानाएवढी फरशी उघडी होती. दारात चपला वाजल्या. सवयीने मी ताट ओढले, मांडी आवरली.

तव्यावरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "तू नको सरकू."