आरशाला टांगलेल्या बांगड्या

भरमाप्पा, तुला पाण्यानं नेलं असं सगळे म्हणतात. साफ खोटं. पाणी काही तुला बोलवायला आलं नव्हतं. तू गेलास. कसा गेलास ते तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना मी सांगते.

भरमाप्पा मंगळवार पेठेत आमच्या मागच्या खोलीत बायको शांतव्वाबरोबर राहायचा आणि कोल्हापूर-नेसरी वडापची, माणशी भाडं घेऊन माणसं भरायची, जीप चालवायचा. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात नेसरीअलीकडच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे तो बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली गेली, तेव्हा त्यानं शहाण्यासारखी गाडी थांबवली. मागून त्याच रस्त्यावर वडाप करणाऱ्या आकारामची जीप आली आणि हॉर्न वाजवत पार झाली. झालं! गाडीतल्या पावण्यांनी भरमाप्पालाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्याच्या आरशाला हिरव्या बांगड्या टांगलेल्या. काम आकारामचं.

"काढून टाका की त्या," शांतव्वा म्हणायची.

"काढल्या तर लागलं म्हनतील."

लागलं होतंच. वर्षभर खड्ड्याखड्ड्याला त्या वाजत राहिल्या आणि तो ऐकत राहिला.

पुढच्या श्रावणात तीच फरशी, तसंच पाणी. गाडीतली माणसं आपणहून उतरली. पलीकडे न्यायला कुणी उरलंच नव्हतं. पलीकडे होता तो आकाराम, स्वतःची जीप थांबवून. दोन्ही हात हलवत तो ओरडला, "येऊ नगंस! मधली फरशी खचलीया!"

भरमाप्पाला फरशीचं ऐकूच आलं नाही. त्याला दिसलं एवढंच, की ज्यानं बांगड्या टांगल्या तोच आज भ्यालाय. त्याचा चेहरा कसा खुलला, ते उतरलेल्या माणसांनी पाहिलं.

"थांब तिथंच! तुझं तुला परत द्यायचं हाय!" म्हणाला आणि गिअर टाकला.

जीप खाली उसात अडकलेली सापडली. तो आतच होता.

बायका शांतव्वाच्या बांगड्या फोडायला बसल्या, तेव्हा तिनं हात मागं घेतले. "आदी त्या आरशाच्या फोडा. मग माझ्या." आकाराम दारातच उभा होता. कुणी हललं नाही. शेवटी तिच्याच फोडल्या.

आणि भरमाप्पा, त्या सकाळी मी तुला माझा पाटा नेसरीच्या पाथरवटाकडून टाकी लावून, खरबरीत करून आण म्हटलं होतं. तू काय म्हणालास? "पानी चढलंय, बाई. वाटंतनंच माघारी यावं लागंल. उगा वजन कशाला? फुडच्या खेपंला नेतो."

म्हणजे माघारी यायचं तुला कळत होतं. पाटा अजून भिंतीला टेकून आहे, गुळगुळीत. चटणी नुसती सरकते त्याच्यावर.