नेटबॉलचं निमित्त

स्काउटात पोर घातलं की खर्च असा काहीच नाही, असं आमच्या वारिंगा गावात अजूनही लोक म्हणतात. मर्ल नोस्केसमोर कुणी तसं म्हटलं की ती फिस्सकन हसते आणि विचारते, "तुझ्या पोराचा पाय केवढा आहे?"

कारण खरा खर्च तिथून सुरू होतो. वर्षाची फी आधी कळते, ती माणूस भरतो. गणवेशाचा शर्ट लागणार हेही कळतं. पण डोंगर चढायचे बूट सहा महिन्यांत तोकडे होतात, हे कोण सांगतं? मग झोपायची जाड पिशवी, कारण घरातली रजई तंबूत चालत नाही. डोक्याला बांधायचा दिवा. कॅम्प दोनशे किलोमीटरवर, आणि पेट्रोल आपलं. शिवाय ग्रुपच्या निधीसाठी शनिवारी बाजारात सॉसेज भाजून विकायला उभं राहायचं आणि उरलेले सॉसेज शेवटी आपणच विकत घेऊन घरी आणायचे. यातलं काही म्हणता काही आधीच्या कागदावर नसतं. दर मंगळवारी पोराच्या खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी निघते, तेव्हा कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठावर आमचा पत्र्याचा स्काउट हॉल आहे. त्याच्या मागच्या बाजूला एक सामानाची खोली आहे आणि एकतीस वर्षं ती मर्लच्या ताब्यात आहे. बाई अडुसष्ट वर्षांची. गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र नदीपलीकडच्या माणसाने दचकावं असा. नवीन आई हातात सामानाची यादी घेऊन भेदरल्यासारखी दारात उभी राहिली की मर्ल ती यादी हिसकावून घेते आणि पेन्सिलीने सपासप रेघा मारते. "हे आहे माझ्याकडे. हेही आहे. हे कशाला? पोर एव्हरेस्टवर चाललंय का? आण तुझ्या घरातला जुना डबा. आणि दुकानात पाऊल टाकलंस तर बघ."

मर्ल कुणाला काही देत नाही, हे ती स्वतःच ठणकावून सांगते. ती उसनं देते. आणि उसनं घेणाऱ्याने आपलं नाव त्या वस्तूवर लिहायचं, आधीच्या नावाखाली, आणि पुढे कॅम्पचं ठिकाण. बुटाच्या जिभेवर, पिशवीच्या अस्तरावर, टोपीच्या आत, सगळीकडे पोरांची नावं. त्यामुळे झालंय काय, की आमच्याकडे जुनं सामान मिळणं हा मान झालाय. दाताच्या डॉक्टरांच्या मुलाला बापाने कोरे करकरीत बूट आणले, तर पोरगं हॉलच्या पायरीवर बसून रडलं. त्याच्या बुटांत कुणाचंच नाव नव्हतं! मर्लने ते नवे बूट ठेवून घेतले आणि त्याला पाच नावांचे बूट दिले. 

पण बूट देऊन सगळी पोरं टिकत नाहीत, हे मर्लला पुरतं ठाऊक आहे. आमच्या गावात पैसे नाहीत असं कुणी म्हणत नाही. द्राक्षं वेलीवर सुकली, संत्री मातीमोल गेली, तरी माणूस म्हणतो, "बरं चाललंय." आणि पोराला स्काउटातून काढायची वेळ आली की म्हणतो, "यंदा त्याला फुटबॉल खेळायचंय." मुलगी असली तर नेटबॉल, इथल्या मुलींचा बास्केटबॉलसारखा खेळ. आमचा ग्रुप लीडर कॉन, संत्र्याच्या बागा करणारा भला माणूस, हे दरवेळी खरं मानतो आणि वरून मुलाला शुभेच्छा देतो. मर्ल मात्र 'फुटबॉल' ऐकलं की काय ते ओळखते. कारण ते निमित्त तिने स्वतः वापरलंय.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचा नवरा रे ट्रॅक्टरखाली सापडून पाच महिने अंथरुणाला खिळला होता. मुलगा क्रेग बारा वर्षांचा, आणि त्या जानेवारीत जांबोरी होती. जांबोरी म्हणजे देशभरच्या स्काउटांचा दहा-बारा दिवसांचा मेळा. पोराच्या वयाचा विचार केला तर एकदाच वाट्याला येणारा. मर्लने दुकानात हप्त्यावर एक निळी पाठपिशवी राखून ठेवली होती, दर आठवड्याला दोन डॉलर भरून. पिशवीचे हप्ते जमत होते. जांबोरीची फी मात्र काही केल्या जमेना. शेवटी ती तेव्हाच्या लीडरकडे गेली आणि म्हणाली, "क्रेगला फुटबॉल खेळायचंय." क्रेगने आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. हे खोटं तिने पोराला कधी सांगितलं नाही.

आता पोराला काय सांगायचं, हा विचार करत ती घरी आली, तर क्रेगच आपणहून म्हणाला, "आई, मला नाही जायचं जांबोरीला. कंटाळा आलाय मला स्काउटचा."

मर्लला तेव्हा हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज नंतर वाटली, आणि ती कायमची राहिली. हप्ते फिटले आणि पिशवी घरी आली तेव्हा जांबोरी होऊन गेली होती. तिने पिशवीच्या झाकणाच्या आत क्रेगचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी तीच पिशवी घेऊन ती हॉलवर गेली आणि म्हणाली, "ही कुणाला तरी लागेल." ती ह्या खोलीतली पहिली वस्तू. आज त्या झाकणाखाली चौदा नावं आहेत, प्रत्येकापुढे ठिकाणं. सगळ्यांत वर 'क्रेग', आणि त्याच्यापुढे काही नाही.

यंदा ती पिशवी टिली ओट्सला मिळायची होती. टिली बारा वर्षांची, दात किंचित पुढे, गाठी मारण्यात मोठ्या मुलांना हरवणारी. तिची आई बेलिंडा संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये माल उचलायची गाडी चालवते, एकटी कमावते. जांबोरीचे दोन हप्ते तिने वेळेवर भरले होते. मग नोव्हेंबरात तिसऱ्या हप्त्याबरोबर ती चिठ्ठी आली. घडीची कॉट. राज्याचा वेगळा शर्ट आणि वेगळी टोपी. तिथल्या दुकानासाठी हातखर्च. आणि अदलाबदलीचे बिल्ले, कारण जांबोरीत पोरं दिवसभर बिल्ल्यांची देवाणघेवाण करतात. ज्याच्याकडे बिल्ले नाहीत ते पोर नुसतं बघत उभं राहतं. त्याच पंधरवड्यात शेडमध्ये बेलिंडाचे दोन दिवस कमी झाले.

मंगळवारी बेलिंडा हॉलच्या दाराशी आली, गाडी चालूच ठेवून. "कॉन, टिलीचं नाव जांबोरीतून काढ बाबा. नेटबॉल खेळायचंय तिला."

"अरे वा! छान छान," कॉन म्हणाला.

मर्ल आतून ओरडली, "जानेवारीत कसलं नेटबॉल गं? एप्रिलशिवाय सुरू तरी होतं का?"

"आधीपासून सराव असतो," बेलिंडा म्हणाली आणि गाडीत बसली.

"छान छान काय म्हणतोस, गाढवा!" मर्लने कॉनला झापलं. "त्या पोरीच्या हातून कधी चेंडू झेलला गेलाय का?"

पुढच्या मंगळवारी टिली बूट परत करायला आली. घासून, नाड्या धुऊन आणले होते. मर्लने मुद्दाम वेळ काढला. बूट उलटे केले, तळवे बघितले. "नेटबॉल आवडतं का तुला?"

"हो." मग जरा थांबून टिली म्हणाली, "म्हणजे... मलाच नकोय जांबोरी. कंटाळा आलाय मला स्काउटचा."

हे बोलताना ती मर्लकडे बघत नव्हती. खुंटीवरच्या निळ्या पिशवीकडे बघत होती.

मर्लने बूट खाली ठेवला. तेच शब्द! त्याच वयाचं पोर, तोच पडेल आवाज. आईबापांचं खोटं ती गेली तीस वर्षं लांबून ओळखत आली होती, त्यात ती स्वतःला मोठी हुशार समजायची. पण पोरंही खोटं बोलतात, आईला सांगावं लागू नये म्हणून आधीच बोलून मोकळी होतात, हे तिच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. ती खोक्यावर मटकन बसली. टिली घाबरली. "मर्ल, पाणी आणू का?"

"नको गं राणी. म्हातारी झालेय, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मर्ल पॅकिंग शेडवर जाऊन थडकली. बेलिंडा सावलीत क्रेटवर बसून सँडविच खात होती. मर्लला बघताच तिच्या कपाळाला आठी पडली.

"कॉट आहे माझ्याकडे," मर्ल म्हणाली. "शर्ट आहे, टोपी आहे, बिल्ल्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा आहे. आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून परत दिल्या की ग्रुपला जे पैसे मिळतात, त्यांतून शेवटचा हप्ता भरता येतो. तो निधी त्यासाठीच आहे."

"मी मागितलं का तुझ्याकडे काही?"

"तेच तर! मागत नाही कुणी. मेलात तरी मागणार नाही."

"मला भीक नकोय, मर्ल. आणि ती स्वतःच म्हणतेय कंटाळा आला म्हणून. तिलाच नको असेल तर मी कशाला जबरदस्ती करू?" बेलिंडाचा आवाज चढला होता. शेजारच्या दोघी उठून पलीकडे जाऊन बसल्या.

मर्लने दुसरं क्रेट ओढलं. गुडघे धरत बसली. आणि जे तिने नवऱ्याला, रेला, तो वारेपर्यंत कधी सांगितलं नव्हतं, ते ह्या जेमतेम ओळखीच्या बाईला सांगितलं. "माझा क्रेग असाच म्हणाला होता. शब्दन् शब्द. मी म्हटलं, चला, सुटलो. लीडरला मी सांगून आले होते की त्याला फुटबॉल खेळायचंय. माझ्या क्रेगला! जो आजही पायात चेंडू आला तर वाट चुकवून जातो."

बेलिंडाला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. सँडविच तसंच हातात.

"बत्तीस वर्षं मी समजत होते, पोराला कंटाळा आला," मर्ल म्हणाली. "काल तुझ्या पोरीने मला अक्कल शिकवली. ती कंटाळलेली नाही गं. ती तुला सांभाळतेय."

 शेडचा भोंगा झाला तेव्हा बेलिंडा डोळे पुसत उठली. "फुकट नाही घेणार मी."

"फुकट देतंय कोण तुला? बाटल्यांची पोती उचलून माझी कंबर मोडलीय. एका बाटलीचे दहा सेंट, म्हणजे हप्त्याला किती पोती होतात ते तूच मोज. शनिवारी सकाळी सातला ये. आणि उशीर केलास तर मी इथे येऊन बोंबलेन."

बेलिंडा आली. त्या शनिवारी, आणि नंतरच्या प्रत्येक शनिवारी. पोती फेकण्यात तिने कॉनला लाजवलं. अशी माणसं मर्लने आयुष्यभर गोळा केलीत, रागावून, ओरडून, आणि एकालाही मान खाली घालायला न लावता. आमच्या गावात मोठ्या लोकांच्या नावाच्या पाट्या आहेत. तिच्या नावाची कुठेच नाही. पण वारिंगातल्या निम्म्या तरण्या माणसांचं नाव तिच्या खोलीतल्या कुठल्या ना कुठल्या बुटात सापडेल.

जानेवारीत निघायच्या सकाळी हॉलसमोर बस उभी होती. तंबू, कॉटी, चुली असं जड सामान न्यायला क्रेगने आपला ट्रक आणला होता. यंदा तोच माल घेऊन जाणार आणि दहा दिवस तिथेच मदतीला राहणार होता. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, कमी बोलणारा माणूस. मर्लने नोव्हेंबरपासून त्याला विचारायचं ठरवलं होतं आणि दरवेळी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला होता.

टिली निळी पिशवी उघडून गुडघ्यांवर बसली होती. पंधरावं नाव लिहून झालं. "मर्ल," ती म्हणाली, "ह्या पहिल्या मुलाच्या नावापुढे काहीच कसं नाही? तो गेलाच नाही का कुठे?"

ट्रकच्या मागे क्रेग दोर आवळत होता. त्याचे हात थांबले, पुन्हा चालू लागले.

"नाही गेला," मर्ल म्हणाली. "त्याच्या आईने जाऊ दिलं नाही."

टिली बसकडे पळाली. बेलिंडा तिच्यामागे टोपी घेऊन धावली. मर्ल ट्रकपाशी गेली. क्रेग गाठ मारत होता, तीच गाठ, जी तो अकराव्या वर्षी ह्याच हॉलमध्ये शिकला होता.

"क्रेग," ती म्हणाली, "तुला खरंच कंटाळा आला होता का रे?"

त्याने मान वर केली नाही. दोर ओढून बघितला, गाठ पक्की बसली होती.

"फुटबॉल होतं ना माझं, आई," तो म्हणाला. "विसरलीस?"

मर्लच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला, बस सुटेपर्यंत.